ऑस्ट्रेलियाची बेकायदेशीर मोजणी

ऑस्ट्रेलियाची मोजणी बेकायदेशीर झालेली आहे, असं मानणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दुसरं टेबल मिळालं असतं तर माझे निदान पाचशे रविवार वाचले असते. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी बडे बाबूंनी बोट दाखवलं, "तिकडं बसा, भाऊच्या बाजूले," आणि मी बसलो.

आम्ही दोघंही मोजणीदार. शेताची हद्द मोजायची, दगड कुठं गाडायचा ते सांगायचं आणि ज्याचं शेत कमी भरतं त्याच्या शिव्या खायच्या, हा आमचा धंदा. भाऊ माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बुटके, पँट बेंबीच्या वर ओढलेली, डोक्याला तेल इतकं की फायलीवर वाकले तर फायलीला काळजी वाटावी. पहिल्याच दिवशी त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं, "मले एक सांगा जी. जहाजावरून धुरा मोजता येते काय?"

धुरा म्हणजे शेताचा बांध. मी नवा, मला वाटलं साहेबांनी परीक्षा घ्यायला लावली आहे. मी सावधपणे विचारलं, "कोणत्या गावचा धुरा?"

"ऑस्ट्रेलियाचा."

मी भाजीत बोट बुडवून चाटत बसलो.

झालं होतं असं. भाऊ एकदा वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडं पेपर विकायला गेलते. तिथं त्यांना एक जाडजूड, कव्हर नसलेलं इंग्रजी पुस्तक दिसलं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाचा किनारा शोधत गेलेल्या कोण्या कप्तानाची रोजनिशी. पेपर तिथंच टाकून पुस्तक घेऊन आले. डिक्शनरी मांडीवर ठेवून चार महिने वाचलं. असलं पुस्तक वाचून माणसाला समुद्राचं वेड लागतं म्हणतात. भाऊंना राग आला. आणि तो राग पुढं तीस वर्षं उतरला नाही.

"मानूस जहाजात बसून दुर्बिणीतून काठ पाह्यते," ते मला सांगायचे, "कागदावर रेघ मारते, एखाद्या बेटावर उतरून झेंडा रोवते, अन् म्हणते हे आमच्या राजाचं! अबे, पण काठावर मानसं उभे होते ना. त्यानंच लिहून ठेवलं आहे. मानसं दिसले, धूर दिसला. धूर आहे म्हणजे चूल आहे. चूल आहे म्हणजे कब्जा आहे. मंग नोटीस कोठी आहे?"

आमच्या खात्यात कोणतंही शेत मोजायचं तर आजूबाजूच्या सगळ्या शेतवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस नाही तर मोजणी नाही. भाऊंचा निष्कर्ष साधा होता: ऑस्ट्रेलियाच्या मोजणीत नोटीस बजावलेली नाही, पंच बाहेरचे नाहीत, सबब मोजणी रद्द. आता फक्त अपील तयार करायचं होतं, आणि अपिलाला पुरावा लागतो. पुरावा गोळा करायला म्हणून त्यांनी त्या काळच्या सफरींची जुनी पुस्तकं, नकाशे, जहाजावरची हत्यारं जमवायला सुरुवात केली. कलकत्त्याहून पार्सल येई, मद्रासहून येई, एकदोनदा थेट लंडनहून आलं. अपील करायचं कुणाकडं, हे मी एकदा विचारलं होतं. "थे मांगून पाहू," ते म्हणाले. "आंधी कागद तं पुरे होऊ द्या."

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. त्या कुणालाही आपल्या घराची माहिती देताना म्हणायच्या, "दोन खोल्या, सैपाकघर अन् एक ऑस्ट्रेलिया." ऑस्ट्रेलिया म्हणजे मागची दहा बाय बाराची खोली. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास डोळ्यांत जायचा. पुस्तकं सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांत, कडुनिंबाचा पाला घालून. नकाशे स्प्रिंकलरच्या पाइपात, दोन्ही तोंडांना बूच मारून. कृषी केंद्रवाला समजायचा, भाऊंनी कुठंतरी गुपचूप दहा एकर ओलीत केलं आहे. वहिनी त्या खोलीत झाडू मारायला जायच्या नाहीत. "तठी व्हिसा लागते," म्हणायच्या.

आणि इतकं सगळं करून या माणसाला समुद्र आवडायचा नाही हो! एकदा आम्ही ऑफिसातली मंडळी कोकणात सहलीला गेलो. सगळे पँटी वर करून पाण्यात. भाऊ समुद्राकडं पाठ करून वाळूत बसले आणि शेंगदाणे खात राहिले. मी म्हटलं, "भाऊ, जन्मात पहिल्यांदा समुद्र आला समोर, पाहा तरी!" तर म्हणाले, "समुद्राशी आपला काईच वाद नाई. वाद काठाचा आहे." आणि खरंच, सगळे परत निघाले तेव्हा हा माणूस भरतीची रेघ पावलांनी मोजत होता.

लंगराची गोष्ट सांगितली नाही तर वर्ध्याची माणसं मला माफ करणार नाहीत. मोडीत निघालेल्या एका जहाजाचा लंगर भाऊंनी गुजरातेतून मागवला. त्याच्यासोबत एक कागद होता, त्यावर लिहिलेलं की हे जहाज एकेकाळी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला जाऊन आलं आहे. ट्रकवाल्याला वर्धा आडवाटेला पडत होतं. त्यानं तो सरळ कारंज्याला हायवेवरच्या एका धाब्यासमोर उतरवला आणि पुढं निघून गेला. आम्ही मेटाडोर घेऊन पोचलो तोवर धाब्यावर शंभर माणूस जमलेला. धाबेवाला लंगराभोवती तीन फेऱ्या मारून आलेला. भाऊंना म्हणाला, "काकाजी, हे कोणत्या ट्रॅक्टरले लागते?"

"हे लागत नाई," भाऊ म्हणाले. "हे थांबवते."

"मंग आमच्या कोन कामाचं," तो म्हणाला आणि तंदूरकडं निघून गेला. लंगर उचलायला आठ जण लागले. माझी कंबर तेव्हापासून पावसाळ्यात बोलते. लंगर अंगणात ठेवला, आणि त्या दिवसापासून सावंगीच्या रस्त्याला लागलेलं ते घर लंगरवाल्या काकाजीचं घर झालं. रिक्षावाल्याला तेवढंच सांगायचं.

पण खरा छळ रविवारचा. रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आले की भाऊ पांढऱ्या कपड्यांतच मागच्या खोलीत बसत आणि सुनावणी सुरू होई. अर्जदार तिकडचे काठावरचे लोक. ते गैरहजर असल्यामुळे त्यांच्या वतीनं भाऊ. पीठासीन अधिकारी भाऊच. गैरअर्जदार कप्तान. तो मी. मला स्टुलावर बसवायचे. हातात पितळेची दुर्बीण द्यायचे, खरं वाटावं म्हणून.

"किनाऱ्यावर उतरन्याआंधी लगतच्या कब्जेदाराइले नोटीस बजावली काय?"

"नाही."

"पंच कोन होते?"

"माझेच खलाशी."

"म्हणजे तुमच्या पगाराचे मानसं. लिहून घ्या. मोजणीची साखळी जमिनीवर टेकवली काय?"

"जागोजाग नाही. बरंचसं जहाजावरूनच पाहिलं."

"लाज वाटत नाई?"

यावर कप्तानानं काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून मी मान खाली घालायचो. तेवढ्यात वहिनी पोह्यांच्या प्लेटी आणि रश्श्याचं भांडं घेऊन दारात. "कप्तानाले तर्री जास्त देऊ का कमी?" त्या इतक्या गंभीरपणे विचारत की मला कळायचं नाही, या कुणाची थट्टा करताहेत.

एका रविवारी मला राग आला. घरी पाहुणे यायचे होते, आणि मी इथं दुर्बीण धरून शिव्या खात होतो. मी स्टुलावरून उठलो आणि म्हटलं, "भाऊ, जरा कप्तानाचंही ऐकाल? त्याला त्या लोकांची भाषा येत नव्हती. नोटीस द्यायची तरी कशी?"

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "भाषा येत नाई तं मोजू नये. बसावं तठी. शिकावं. मंग मोजावं." आणि वही मिटली. पुढं तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावर बसून माझ्याकडं फाइली शिपायाच्या हातानं पाठवायचे. तीन फुटांवरून!

हे वेड कुठून आलं, ते मला अल्लीपूरला कळलं. तिथं एका तालेवार शेतकऱ्याची मोजणी होती. वरून फोन झालेला, जेवणाची तयारी झालेली. बाजूचं शेत एका म्हाताऱ्या बाईचं. ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेलेली, आणि तिची नोटीस सहीशिवाय परत आलेली. मी म्हटलं, मोजून टाकू, ती येईल आणि अंगठा देईल. भाऊंनी साखळी मांडीवर घेतली आणि निंबाखाली बसले. "बाई आल्याबिगर साखळी उघडनार नाई." तालेवार चिडला, ओरडला, हात जोडले. दुपारचे चार वाजले. बाई आली, ओटीत कापूस तसाच. भाऊंनी तिला नोटीस वाचून दाखवली, समजावून सांगितली आणि मग उन्हं उतरता उतरता मोजणी केली.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "माह्या बापाची दोन एकर होती. आमच्या आख्ख्या खानदानात पयली जमीन. बाप दसऱ्याले नागपूरले गेलता. दोन दिवसांनं आला तं धुरा बारा हात आत सरकला होता. मोजणी होऊन गेलती. बाप समद्याइले विचारत फिरला, मले काऊन सांगतलं नाई? मेला तोवर हेच विचारत होता. जमिनीचं नाई वाटलं त्याले इतकं. कोनी सांगतलं नाई, याचंच वाटलं."

मी त्या दिवसानंतर सुनावणीला तक्रार न करता जाऊ लागलो. कंटाळा यायचा तो यायचाच, खोटं काय बोलू.

भाऊ रिटायर झाले आणि प्रकरण वाढलं. आता खात्यात साखळी गेली, उपग्रहाशी बोलणारं मशीन आलं. त्याच्याशी भाऊंना काही घेणं नव्हतं. त्यांनी बस स्टँडजवळच्या दुकानातून दोन रबरी शिक्के बनवून घेतले. एकावर 'तपासले, ग्राह्य', दुसऱ्यावर 'तपासले, अमान्य'. दोन्हींवर खाली त्यांचं पूर्ण नाव आणि 'मोजणीदार (सेवानिवृत्त)'. मग एकेक पुस्तक, एकेक नकाशा काढून शिक्का मारायला बसले. कप्तानांच्या नशिबी अर्थातच अमान्य. नकाशावर मोकळी जागा फक्त समुद्रात, म्हणून सगळे शिक्के समुद्रात. जांभळ्या शाईनं अख्खा दक्षिण महासागर भरून गेला.

आणि मग मागच्या हिवाळ्यात पोरीचा फोन आला. एकुलती एक पोरगी, चंद्रपूरला दिलेली, लग्नाला आठ वर्षं झाली, दोनदा पोट राहून गेलेलं. आता सातवा लागत होता, आणि डॉक्टरांनी झोपून राहा म्हणून सांगितलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि मोठा दवाखाना इथून पाच मिनिटांवर. तिला वेगळी, हवेशीर खोली पाहिजे होती. घरात मोकळी करण्याजोगी एकच होती, आणि तिच्यात ऑस्ट्रेलिया होता.

वहिनींनी भाऊंना पंधरा दिवस दिले. "पंधरा दिवसांत खोली मोकळी नाई झाली तं मी चंद्रपूरले जातो पोरीजवळ. मंग बसा तुमी नोटिसा वाचत." त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे बोलल्या, म्हणून भाऊ घाबरले.

पहिल्यांदा आम्ही वाचनालयं पालथी घातली. एका ठिकाणी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होती. तिथं भाऊंनी चाळीस पोरापोरींपुढं उभं राहून पंचवीस मिनिटं सांगितलं की एका महाद्वीपाची मोजणी कशी चुकली आहे. पोरं कौतुकानं ऐकत होती. शेवटी एका मुलीनं हात वर केला, "सर, हे कोणत्या पेपरले आहे?" भाऊ म्हणाले, "कोणत्याच नाई." सगळ्यांनी एकदम वह्या मिटल्या. पुस्तकं ठेवून घ्यायला ग्रंथपाल तयार झाला नाही. लंगर ठेवून घेतो म्हणाला, गेट बंद राहत नव्हतं म्हणून.

बाराव्या दिवशी जावयानं शोधलेला एक पुण्याचा व्यापारी आला. जुन्या पुस्तकांचा, नकाशांचा जाणकार, सोबत रिकामा टेम्पो. मला भाऊंनी सामान उचलायला बोलावलं होतं. व्यापाऱ्यानं पहिल्या पाइपाचं बूच काढलं, नकाशा टेबलावर उलगडला, आणि त्याचे डोळे चमकले. मग समुद्रावर नजर गेली.

"अरेरे! हे काय करून ठेवलंत काका?"

"तपासला," भाऊ म्हणाले.

दुसरा पाइप, तिसरा, चौथा. पुस्तकांची पोती. सगळीकडं जांभळं. तो माणूस खरोखर कपाळावर हात मारून खुर्चीत बसला. थोड्या वेळानं सावरला. "हरकत नाही. आमच्याकडं एक जण आहे, असले शिक्के औषधानं असे धुतो की कुणाला कळतही नाही. सगळं नेतो मी. आजच खोली रिकामी करून देतो."

भाऊ नकाशाच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझे रविवार सुटत होते. पण खरं सांगतो, मी उचललेलं पोतं परत खाली ठेवलं. तीस वर्षांचा पुरावा, आणि आता त्यावरून त्यांचं नावच पुसून निघणार होतं.

"पोरगी येऊन राह्यली," भाऊ शेवटी म्हणाले. "न्या. धुवा."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्या आत आल्या. त्या खोलीत त्यांना पाऊल टाकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"काय धुता म्हणता?"

"शिक्के, काकू. डाग आहेत ना ते."

"डाग?" वहिनींनी ट्रे पोत्यावर ठेवला. "थे माह्या मानसाचं नाव आहे. याइच्या बापाले कोनी नोटीस देली नाई. याइनं छत्तीस वर्षांत एका मानसाले बिननोटिसीचं मोजलं नाई. साहेब लोकाइच्या शिव्या खाल्ल्या, तीनदा बदली झाली, मी तीन वेळा बिऱ्हाड हलवलं त्याच्यापाई. अन् तुमी थे नाव औषधानं धुता? उठा!"

व्यापारी उठला. पण धंद्याचा माणूस, कोपऱ्यातल्या शेवटच्या पाइपावर त्याची नजर गेली. तो नकाशा त्याच आठवड्यात आला होता. काढून पाहिला तर कोरा करकरीत, त्यावर शिक्का पडायचा होता. व्यापाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, बाकी सगळं राहू द्या. हा एवढा एक द्या. हा फार दुर्मीळ आहे हो. याच्या पैशांत तुमची वर एक खोली बांधून होईल."

वर एक खोली. म्हणजे सगळा प्रश्नच सुटत होता. भाऊ वहिनींकडं बघत होते. मी वहिनींकडं बघत होतो.

वहिनींनी टेबलाचा ड्रॉवर ओढला. दोन्ही शिक्के काढून हातावर घेतले, चष्म्याच्या वरून वाचले आणि भाऊंना विचारलं, "याले कोनता?"

"अमान्य," भाऊ म्हणाले.

वहिनींनी शिक्का पॅडवर दाबला, तोंडाजवळ नेऊन हाss करून वाफ दिली आणि दोन्ही हातांचा भार टाकून महासागराच्या मधोमध मारला. टेबलावरची पितळेची दुर्बीण हलली. "आता न्या," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. "न्यायचा असन तं."

तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. चहासुद्धा प्यायला नाही. मी तसाच उभा. मला त्या क्षणी भाऊंचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही.

वहिनी मात्र कामाला लागल्या होत्या. पोरगी समोरच्या, त्यांच्या स्वतःच्या खोलीत राहील. त्या दोघांचा पलंग मागं येईल, पोत्यांच्या मधे. पोती भिंतीला, पाइप पलंगाखाली. त्यांनी पदर खोचला आणि आतून गादी गुंडाळायचा आवाज येऊ लागला.

भाऊ नकाशावर वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डोळेही पुसले बहुतेक. मग हळूच म्हणाले, "उलटा लागला वं."

"लागू द्या," आतून वहिनी म्हणाल्या. "थे लोक खालच्या अंगाले राह्यते ना? त्याइले सुलटाच दिसन. या अठी, पलंगाचं एक टोक धरा."